मोठ्याची जागा

आमच्या घरचा देव खंडोबा. घोड्यावरचा, तलवारवाला. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते, त्यांना तोच शोभायचा. आईला मात्र त्या तलवारीचं काडीचं कौतुक नव्हतं. बाणाईसाठी त्यानं धनगराघरी मेंढरं राखली, तेवढंच तिला भारी आवडायचं. "मेंढरं राखलेला देव हाय तो," ती म्हणायची, "एक जरी कमी असलं तरी त्याला चैन पडायचं नाही." आणि दादाच्या बाबतीत ती ह्या एका वाक्यावर वर्षानुवर्षं बसून राहिली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडिलांना त्याला पोलिसात घालायचं होतं, हा म्हैसुरातच, गोकुलममध्ये, परदेशी लोकांना योगासनं शिकवायला लागला. वडील सगळ्यांसमोर म्हणाले, "गोऱ्यांचे हातपाय वर करणाऱ्यानं माझा उंबरा चढू नये." तो चढला नाही. वडील गेले, तरी चढला नाही. राहायचा कुठं? गोकुलममध्येच! आमच्या सरस्वतीपुरमहून सिटी बसनं अर्धा तास. मी आईला म्हणायची, "अगं आई, देव काय बसस्टॉपवर उभा राहून त्याला धरून आणणार आहे? तू जा ना!" ती म्हणायची, "सुम्ने बस गं, गप. मी बोलावला तर जेवून परत जाईल. देवानं आणला तर राहील."

हा विश्वास होता की हट्ट, मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही.

चंपाषष्ठीला आमच्याकडे तळी उचलतात. ताटात नारळ, विड्याची पानं, खोबरं आणि भंडाऱ्याची हळद. पाच पुरुषांनी कडेनं ताट धरायचं आणि 'सदानंदाचा येळकोट' म्हणत उचलायचं. दुसऱ्यांच्या घरी पाचवा कमी पडला तर शेजारच्याला हाक मारतात. आमच्या आईला ते चालायचं नाही. काका, त्यांचे दोन मुलगे, माझा धाकटा भाऊ, एवढे ताटाभोवती बसायचे, आणि मोठ्याची जागा मोकळी. ताट जमिनीवरच राहायचं. आई नमस्कार करायची, वांग्याचं भरीत आणि रागीचा रोडगा वाढायची, काका कुरकुरत जेवायचे. माझा नुसता संताप व्हायचा.

मग आई विसरायला लागली. आधी गॅस, मग माझं नाव.

त्या वर्षी चंपाषष्ठीच्या सकाळी मी वांगी भाजत होते, आणि आई घरात नव्हती. दार सताड उघडं. अय्यो देवा! काका एकीकडे पळाले, भाऊ दुसरीकडे. मी फोन लावला तो दादाला. का त्यालाच, देव जाणे. तो एवढंच म्हणाला, "नजरबादला बघतो."

नजरबादला आम्ही लहानपणी भाड्यानं राहायचो. शाळा सुटायच्या वेळी आई तिथल्या कोपऱ्यावर दादाची वाट बघत उभी राहायची. दादाला ती तिथंच सापडली, एका सरकारी ऑफिसच्या पायरीवर.

दुपारी तो तिला स्कूटरवरून घेऊन आला. उंबऱ्यापाशी थबकला. आईनंच त्याचा हात धरून आत ओढलं. "या हो, या. बघा गं, किती चांगले आहेत हे, मला घरपर्यंत सोडायला आले."

दादाचं तोंड बघवेना.

काकांनी ताट मांडलं. दादाला म्हणाले, "बस." आईनं लगेच हात आडवा केला. "ती माझ्या मोठ्याची जागा हाय." काका म्हणाले, "वहिनी, घरचाच आहे हा." तिनं दादाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बरं. माझा मोठा येईपर्यंत तुम्ही धरा."

आयुष्यभर जिनं परक्याचा हात लागू दिला नाही, तिनं परका म्हणून दादाला बसवलं! ताट उचललं गेलं. मला हसावं की रडावं कळेना. देवानं तिचं ऐकलं म्हणू, की तिची थट्टा केली म्हणू? मेंढरू आणून दाराशी बांधलं, आणि वाट बघणारीलाच कुठं सोडून आला हा? भांडायचं तरी कोणाशी!

आई एकेकाच्या कपाळाला भंडारा लावत दादापाशी आली. तो ओक्साबोक्शी रडत होता. तिनं पदरानं त्याचे डोळे पुसले.

"तुमचं पण कोणी हरवलंय का हो?" तिनं विचारलं. "रडू नका. आमचा देव मेंढरं राखलेला हाय. आणतो तो."