ओळीतला दहावा शब्द

मुंबईच्या पेपरात लिहिणारा तो मुलगा महिनाभर यहुदी होऊन राहायला आमच्या गावात आला, तेव्हा आमच्या यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगा म्हणते, पण तिशी ओलांडलेला असेल. शेजाऱ्यांच्या माडीवर राहायचा आणि जेवायला माझ्याकडे यायचा. चौलच्या या बाजूला आमच्या लोकांचं माझं एकच घर उरलंय, त्यामुळे त्याला दुसरीकडे जाण्यासारखं नव्हतंच.

डोक्यावर छोटी गोल टोपी घालायची, बाजारात जाऊन मोठ्याने "मी ज्यू आहे" म्हणायचं आणि लोक काय करतात ते गमतीने लिहायचं, असं त्याचं काम. कुणी भांडेल, कुणी हाकलेल, अशी त्याला आशा होती. पहिल्याच दिवशी वाण्याने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"म्हंजे शनवार तेलीच ना? मग तसं सांग की. घाणा कुठं हाय तुमचा?"

आमची माणसं पूर्वी तेल गाळायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, त्यावरून हे नाव. घाणा नाही म्हटल्यावर वाणी पुन्हा हिशेबाला लागला. कोळणीने तर त्याला कोळंबीला हात लावू दिला नाही.

"तुमच्यात बिनखवल्याचं चालत न्हाय. ही खवल्याची बोय घे गुमान. आईनं काय शिकवलं न्हाय काय रं?"

"मावशी, इथे कुणी रागावतच नाही," तो जेवताना म्हणाला. "मी लिहू काय?"

मला हसू आलं. त्या वर्षात फारसं आलं नव्हतं.

आमच्यात गेलेल्या माणसासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणतात. दहा पुरुष उभे असल्याशिवाय ती म्हणता येत नाही. बाया कितीही असल्या तरी धरत नाहीत. हे गेले तेव्हा पुरामुळे रस्ते बंद होते, जमले ते सहा जण. यांना कद्दीशशिवायच पुरलं. वर्षाला तरी ती व्हावी, एवढंच माझ्या मनात होतं. मला कुणाला या म्हणायला जमत नाही, फोनवर तर नाहीच. मुलगी इस्राएलात असते. तिनेच तिथून ठाणे, पनवेल, अलिबागच्या माणसांना फोन केले. दहा जण हो म्हणाले.

त्या सकाळी मी मलिदा केला. पोहे भिजवले, गूळ आणि ओलं खोबरं घातलं, वर फळं मांडली. माणसं मशिदीत जमू लागली. सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो. तेवढ्यात पनवेलच्या माणसाच्या सुनेचा फोन आला. त्यांच्या छातीत दुखू लागलं होतं, अर्ध्या वाटेवरून गाडी परत फिरवली होती.

अलिबागचे हझान प्रार्थना चालवतात. म्हातारे आहेत, नजर अधू आहे. माणसं एक, दोन करून मोजायची आमच्यात रीत नाही. दहा शब्दांची एक ओळ आहे, ती म्हणत एकेका माणसावर एकेक शब्द ठेवायचा. मी बायकांच्या बाकावरून बघत होते. नववा शब्द ठाण्याच्या माझ्या दिरांवर पडला. दहावा त्या मुलावर. महिन्याभराच्या सवयीने तो टोपी घालून मागे खांबापाशी उभा होता. बाकीचे सकाळीच आलेले, त्याला कुणी ओळखत नव्हतं. हझाननी मान हलवली आणि पुस्तक उघडलं.

मी मनात म्हटलं, बाबा, गप्प राहा.

"काका, मला धरू नका," तो म्हणाला. "मी तुमच्यातला नाही. नुसता लिहायला आलोय." त्याने टोपी काढून हातात घेतली.

"मग टोपी घालून कशाला हिंडतोस?" दीर म्हणाले. कुणीतरी हसलं.

हझाननी पुस्तक मिटलं नाही. कमी माणसांत चालतात ती स्तोत्रं म्हटली, आवाज चांगला लागला होता. कद्दीशची जागा आली तेव्हा ती न म्हणता पान उलटलं.

मलिदा सगळ्यांना वाढला, त्यालाही. त्याने बशी नुसती धरून ठेवली. "मावशी, खोटा उभा राहिलो असतो तर..."

"बरोबर केलंस," मी म्हटलं. बरोबरच होतं ते. पण वाण्याला, कोळणीला, एसटीच्या कंडक्टरला हा न विचारता सांगत फिरला की मी ज्यू आहे. आणि मला हवं होतं तिथेच नाही म्हणाला.

त्याचं लिहिणं छापून आलं ते शेजारणीने मोबाइलवर दाखवलं. मी सावकाश सगळं वाचलं. वाणी आहे, कोळीण आहे, बोय आहे. गाव पोट धरून हसलं. मशिदीतला दिवस त्यात नाही.

पुढच्या वर्षी करू, असं दीर निघताना म्हणाले होते. पनवेलचे ते गृहस्थ दिवाळीच्या सुमारास गेले. ती ओळ मला लहानपणापासून पाठ आहे. पोहे निवडताना कधीकधी म्हणते, एका शब्दाला एक माणूस. ओळ पुरी होत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून म्हणते, कुणी राहिलं असेल म्हणून.