भरल्या होडीची चाचणी

दत्ताराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी एक नवीन मशीन तपासत होतो. विक्रोळीच्या एका कारखान्यात मी संगणक विभागात आहे आणि नवं आलेलं मशीन जुन्यापेक्षा खरंच जोरात चालतं का, हे घड्याळ लावून बघणं हा माझ्या कामाचा भाग आहे. फोन स्टोअर्समधून होता. "आपला दत्ता गेला. कावीळ अंगावर काढली त्याने..." मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि हातातली चाचणी पुरी केली. आकडासुद्धा लिहिला. मग लक्षात आलं की आपल्याला रडू यायला हवं होतं आणि ते येत नाहीये. जे येत होतं ती लाज होती. त्याला आता सहा आठवडे झाले, पण ती काही कमी झालेली नाही.

दत्ता वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला. घरी वडिलांची होडी होती, पण हा अकरावीनंतर आमच्याकडे ऑपरेटर म्हणून चिकटला. ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. तेव्हा आमचं मशीन कपाटाएवढं होतं आणि त्याच्यासाठी थंड हवेची वेगळी खोली होती. मी डिग्रीवाला, तो ऑपरेटर, पण वय एकच, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच अरे-तुरेवर आलो. मी मुलुंडच्या शाकाहारी घरातला. तो डब्यातला बोंबील माझ्यापुढे सरकवून म्हणायचा, "खा रे श्री, तुझ्या आईला मी नाय सांगणार." आईला ते वासावरून कळायचंच. मशीनशी त्याचं नातं माझ्यापेक्षा जवळचं होतं. मी पुस्तकातून शिकलो होतो, तो कानाने. डिस्कचा आवाज जरा बदलला की हा जेवण सोडून उठायचा, आणि दहातल्या नऊ वेळा त्याचं बरोबर निघायचं. याचा मला थोडा रागही यायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पंच्याऐंशी साली टेबलावर मावणारी नवी मशीनं आली. मी एका प्रदर्शनात त्यातलं एक बघून आलो आणि हुरळलो. कपाटाएवढ्या धुडाचं काम हे एवढंसं खोकं करतं, तेही तिप्पट वेगाने, असं मी येईल त्याला सांगत सुटलो. आमच्या विभागप्रमुखांनी ते वर सांगितलं, वरच्यांनी आणखी वर. मशीन आलं, त्याची पूजा झाली, पेढे वाटले गेले आणि मग मला सांगण्यात आलं की आता रीतसर चाचणी करून अहवाल द्या. म्हणजे बारसं आधी आणि मूल नंतर, असा प्रकार. चाचणीचं काम ठरलेलं होतं: कारखान्यातल्या सुट्या भागांची यादी क्रमवार लावून छापायची. चौदा हजार भाग. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आत ही यादी खाली गेली नाही, तर कुठला भाग कुठल्या फळीवर आहे हे कोणालाच कळत नसे.

मी दोनशे भागांचा नमुना घेतला. जुन्याला तीस सेकंद लागले, नव्याला दहा. मी टाळीच वाजवली. दत्ता हाताची घडी घालून उभा होता. म्हणाला, "सगळी यादी घाल ना." मी म्हटलं, हिशेब सरळ आहे, तिप्पट म्हणजे तिप्पट. तो म्हणाला, "आमच्याकडे नवीन इंजिन आणलं ना, तर रिकाम्या होडीवर कोण बघत नाय. जाळी टाकायची, बर्फ भरायचा, माणसं चढवायची आणि भरती येत असताना खाडीतून बाहेर काढायची. मग बोलायचं इंजिन कसं आहे ते." दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच चौदा हजारांची यादी दोन्हीकडे लावली. जुन्याला पन्नास मिनिटं लागली आणि नव्याला सव्वा तास. एवढी यादी नव्याच्या मेमरीत मावतच नव्हती, त्यामुळे ते दर वेळी डिस्ककडे धावत होतं. मी पुन्हा लावून बघितली. तरी सव्वा तासच.

अहवालात मी दोनशे भागांची चाचणी लिहिली. चौदा हजारांची लिहिली नाही. कोणी दमदाटी केली नव्हती, कोणी आमिष दाखवलं नव्हतं. इतकं बोलून झाल्यावर आता मागे कसं यायचं, एवढंच होतं... आणि आमच्याकडे अहवाल छापायचा कोणी? दत्तानेच. प्रिंटरमधून कागद निघाले, त्याने कडेच्या भोकांच्या पट्ट्या नेहमीप्रमाणे नीट फाडल्या आणि तीन प्रती माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. त्याने वाचलं होतं. "दुसरं पान कुठंय?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाहीये. तो चहाला गेला.

जुनं मशीन भंगारात गेलं आणि यादी रोज उशिरा खाली जाऊ लागली. महिन्याभरात बोंब झाली. बैठकीत विभागप्रमुखांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "ऑपरेटरला नव्या मशीनची अजून सवय नाही." हे वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो, पण तोंडातून फार सहज आलं, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटते. दत्ताची स्टोअर्सला बदली झाली. ज्याला डिस्कचा आवाज कळत होता, तो पत्र्याच्या शेडमध्ये बेअरिंगं मोजायला लागला. त्याच्या जागी नवा ऑपरेटर आला आणि नेमक्या त्याच आठवड्यात मशीनला जादा मेमरी बसली. यादी दहा मिनिटांत निघू लागली. सगळे म्हणाले, बघा, माणूस बदलला आणि काम झालं. तेव्हा तरी बोलायचं... मी मूग गिळून बसलो. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली.

दत्ता मला कधी काही बोलला नाही. कँटीनमध्ये दिसला की हात वर करायचा, "काय श्री, बरंय ना?" मीच डबा घेऊन लांबच्या टेबलावर बसायला लागलो. चार वर्षं एका कारखान्यात राहून मी त्या शेडमध्ये एकदाही गेलो नाही.

तो गेल्यावर तेराव्यानंतर वर्सोव्याला गेलो. वहिनींनी मला आधी कधी बघितलं नव्हतं, पण दारातच ओळखलं. म्हणाल्या, "या भाऊ. तुमचं नाव घरात सारखं निघायचं." कपाटाच्या वर नव्या मशीनच्या पूजेच्या दिवशीचा फोटो लावला होता. मशीनला हार घातलेला, मधे मी, आणि माझा हात दत्ताच्या खांद्यावर. त्या फोटोकडे बघत वहिनी म्हणाल्या, "यांना स्टोअर्सला टाकलं ना, तेव्हा लय मनाला लावून घेतलेलं. पण बोलायचे, सगळ्या ऑफिसात एकटा श्री माझ्यासाठी बोलला. साहेबांच्या तोंडावर बोलला."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो खाली ठेवून खरं सांगायला हवं होतं. मी चहा प्यायलो, त्यांना नमस्कार केला आणि निघालो. बैठकीत मी काय बोललो ते दत्ताला माहीत होतं, बदलीच्या कागदावर कारण म्हणून तेच छापलेलं होतं. तरी त्याने घरी असं का सांगितलं, हे मी तेव्हापासून शोधतो आहे. मला वाचवायला, की दहा वर्षं नोकरी करून आपल्याला तिथे एकही मित्र मिळाला नाही हे बायकोला कळू नये म्हणून... मला दुसरं खरं वाटतं.

वहिनी, मी बैठकीत बोललो होतो हे खरं आहे. काय बोललो ते वर लिहिलं आहे. कपाटावरचा तो फोटो ठेवायचा की काढायचा, ते आता तुम्ही ठरवा.