मिसळणाच्या डब्यातले नंबर

"फोन विचारेल. तू नाही म्हणायचं."

लालबागच्या आमच्या चाळीतून परदेशी निघालेल्या प्रत्येकाला हा उपदेश मिळत असे. देणारे काका तिसऱ्या मजल्यावर, माझ्या शेजारच्या खोलीत राहत. टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. बोलताना ते तर्जनी उभी धरत आणि डावीकडून उजवीकडे एकदाच हलवत. दुसऱ्यांदा हलवायची वेळ येऊ देणं त्यांना अपमानाचं वाटे.

उपदेश चुकीचा नव्हता. तिकडे उतरल्यावर लोक तिथलं सिम घालतात. मग व्हॉट्सअॅप विचारतं, नंबरही बदलायचा का? माणूस अर्धवट झोपेत असतो, किंवा नुसताच सभ्य असतो. तो हो म्हणतो. पाच मिनिटांत सगळ्या ग्रुपवर त्याचा नंबर बदलल्याची वर्दी जाते.

मी वर्तमानपत्राच्या कामासाठी इस्तंबूलला गेले, तेव्हा उपदेश ऐकूनही हेच केलं. संपादकांनी नवा नंबर अनोळखी म्हणून ब्लॉक केला आणि माझी बातमी दुसऱ्या दिवशी छापली. परत आल्यावर काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझा स्वभावच हो म्हणायचा गो. लग्नातसुद्धा तेच केलंस."

नवरा आतच होता. त्याने चहा ठेवल्याचा आवाज केला.

तेव्हापासून काका तोंडी सूचनेवर विसंबून राहिले नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी गॅलरीत तालीम होई. ते स्वतः फोन होत. पहिल्या मजल्यावरच्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला टोरंटोला निघाल्या, तेव्हाची तालीम मी ऐकली आहे.

"नंबर बदलायचा का?"

"ह्यांना विचारून सांगते."

"हे इथे आहेत, तू टोरंटोत. नंबर बदलायचा का?"

"मग तूच सांग, काय करू?"

"मी फोन आहे, मावशी. मला विचारतात का?"

"बदलू नको बाबा."

"आता बरोबर. आणि रोमिंग इथूनच चालू करून जा. तिकडे गेल्यावर आठवलं तर देवसुद्धा चालू करणार नाही."

जास्त दिवसांसाठी जाणारे आपलं इथलं सिम काकांकडेच ठेवून जात. बरेच महिने वापरलं नाही की नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्याच कुणाला मिळतो. काकांना हे मान्य नव्हतं. काकी वारल्यावर त्यांचं मिसळण रिकामं पडलं होतं. फोडणीच्या त्या गोल डब्यातल्या सात वाट्यांत काकांनी जग मांडलं. हळदीच्या वाटीत आखात, मोहरीच्या वाटीत अमेरिका, जिऱ्याच्या वाटीत युरोप. प्रत्येक सिम लग्नपत्रिकेच्या तुकड्याला चिकटवलेलं, खाली मालकाचं नाव. त्यांच्याकडे बटणांचे तीन जुने फोन होते. कुंड्यांना पाणी घालावं तशी ते पाळीपाळीने सिम घालत. मंगळवारी आखात, गुरुवारी अमेरिका. घालण्याआधी सिम खोडरबराने घासत. तरी परत मिळालेल्या सिमला हिंगाचा वास येई. शर्टाच्या दुसऱ्या बटणाला एक सेफ्टी पिन कायम लटकलेली असे. लोकांच्या स्मार्टफोनमधला सिमचा कप्पा तिनेच उघडायचा.

बँकेचा ओटीपी आला तर तो फक्त मालकालाच सांगायचा आणि मालकाने स्वतः फोन केला तरच, हा त्यांचा नियम. नियम चांगला होता. फक्त आखातात सावंत दोन होते. एका मंगळवारी दोघांनी पाठोपाठ फोन केला. काकांनी या सावंताचे आकडे त्या सावंताला, त्याचे याला सांगितले आणि तीन-तीनदा सांगितले. दोघांचीही खाती दिवसभरासाठी बंद झाली. संध्याकाळी काकांनी पत्रिकेचे दोन नवे तुकडे कापले. एकावर लिहिलं, सावंत सुरमई. दुसऱ्यावर, सावंत शाकाहारी. माफी त्यांनी मागितली नाही. "दोघे एकाच आडनावाचे निघाले, ह्यात माझी काय चूक?"

तुमच्याही इमारतीत असा कोणी असेल. सगळ्यांची दारं उघडून देणारा आणि स्वतः कुठेही न जाणारा. काकांची मुलगी ऑकलंडला असते. ती दर वर्षी बोलवायची. "ह्या नंबरवर मग कोण बसणार?" हे उत्तर ठरलेलं. जिन्याखाली मीटरच्या पेटीजवळ भिंतीवर त्यांचा नंबर रंगाने लिहिलेला आहे. फ्यूज उडो, पाणी न येवो, कोणी चक्कर येऊन पडो, चाळ तिथूनच वाचून फोन लावते.

मागल्या वर्षी चक्कर येऊन पडले ते काकाच. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यावर. फोन खोलीत राहिला होता. चाळीने दोनदा त्यांनाच लावला.

मुलगी आली. मला गॅलरीत गाठून म्हणाली, "ताई, तिकीट परतीचं काढलंय, ते फक्त त्यांनी विमानात बसावं म्हणून. तीन जिने, लिफ्ट नाही. मला त्यांना परत पाठवायचं नाहीये. पण मी जबरदस्तीही करणार नाही. ते स्वतः हो म्हणाले पाहिजेत."

दाराआड काका शर्टाला पिन लावत होते. बहुतेक ऐकलं असावं.

निघताना मिसळण आणि ते तीन फोन त्यांनी माझ्या हातात दिले. "तीन महिने. मंगळवार-गुरुवार चुकवू नको. मेथीची वाटी रिकामी आहे, ऑकलंडकडे जाणाऱ्या कोणाचं सिम आलं तर तीत घाल." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "अशी काय बघतेस? उभं आयुष्य लोकांना नाही म्हणायला शिकवलं मी."

जाताना त्यांची तालीम घ्यावी, असं मला वाटलं होतं. धीर झाला नाही.

दोन महिन्यांनी एका दुपारी चाळीच्या ग्रुपवर वर्दी आली. काकांचा नंबर बदलला होता. टोरंटोहून परत आलेल्या मावशींनी लिहिलं, 'मला एवढं शिकवलं आणि स्वतःच दाबलं.' सावंत सुरमईने हसरे चेहरे टाकले. सगळ्यांचं एकमत झालं की बोट चुकून लागलं असणार.

मी नव्या नंबरवर फोन केला.

"काका, चुकून लागलं ना?"

"नाही गो. त्याने विचारलं. मी थांबलो. तोही थांबला. लेक समोर बसून भाजी चिरत होती, वर बघत नव्हती. मग म्हटलं हो. एवढं काही वाईट वाटत नाही. तू इस्तंबूलला उगाच रडलीस."

मी रडले नव्हते, हे मी नोंदवलं. त्यांनी मान्य केलं नाही.

पुढच्या महिन्यात तिकडून आलेल्या एका गाववाल्याने पाकीट आणून दिलं. आत पत्रिकेच्या तुकड्याला चिकटवलेलं त्यांचं इथलं सिम आणि ती सेफ्टी पिन. नावाच्या जागी त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'लाइनमन, सध्या बाहेर.'

मी ते मेथीच्या वाटीत ठेवलं नाही. एक बटणांचा फोन त्यासाठीच राखून ठेवला, कारण भिंतीवरचा नंबर अजून तसाच आहे आणि लोक अजून लावतात. फ्यूज उडाल्याचं मला कळतं. काय करायचं ते मला येत नाही, म्हणून मी ऑकलंडला विचारते.

दर रविवारी सकाळी तो फोन ठरल्या वेळी वाजतो. उचलायचा नाही, असं काकांनी मला बजावलं आहे. दोन रिंग झाल्या की ते तिकडून कापतात. लाइन चालू आहे ना, एवढंच त्यांना बघायचं असतं.