टिकवाल्या मॅडम

"झालंच समजा" हे शब्द कानावर पडले की मॅडम हातातलं काम ठेवून बोलणाऱ्याकडे बघत राहायच्या. रागाने नाही; डॉक्टर जीभ बघतो तशा. मग म्हणायच्या, "समजायचं नाही, बघायचं. फोटो टाका."

माझ्या मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात हे जरा जास्तच होतं. मी खांद्यावर बांबू वाहून वर आलेला माणूस. आमच्याकडे खुर्च्या गोदामात असल्या तरी फोनवर त्या लॉनवर पोचलेल्याच असतात. गिऱ्हाईक शांत राहतं आणि संध्याकाळपर्यंत खुर्च्या खरोखर पोचतात.

माझ्याकडे कामांवर देखरेख करायला येण्याआधी मॅडम नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत होत्या. सगळी कामं मोबाईलवर मांडायचा नाद त्यांनी तिथूनच आणला. सुरुवातीला सगळ्यांना मिळून एकच शीट उघडून दिली. आमच्या फोरमनने, गुलाबने, पहिल्याच दिवशी अंगठ्याने सोफ्यांची अख्खी ओळ उडवली. मॅडम हसल्या, ओळ परत आणली आणि दुसरं ॲप काढलं. त्यात प्रत्येक कामाची एक चौकट, शेजारी करणाऱ्याचं नाव. राहिलेलं लाल, झाल्याची टिक केली की हिरवं. "पहिला महिना फुकट आहे, भाऊ," म्हणाल्या. फुकट म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणू?

पोरांनी तासाभरात सगळा बोर्ड हिरवागार केला. ट्रक अजून गोदामातच उभा.

"गुलाबभाऊ, हे काय?"

"निघूनच राहिला ना ट्रक, मॅडम. झालंच समजा."

मॅडमनी पुन्हा लाल केलं. तेव्हापासून फोटो आल्याशिवाय टिक नाही, आणि पोरांनी त्यांचं नाव टिकवाल्या मॅडम पाडलं. पण भर मे महिन्यात ती पोरं उन्हात बांबू बांधताना दिसली, तेव्हा 'पोरांचं जेवण' अशी चौकटही त्यांनीच टाकली. तिच्यावर नाव घातलं माझं. दुपारी ती लाल दिसली की फोन यायचाच.

इथवर मी सोसलं. पण वर्धा रोडवरच्या एका लग्नात त्यांनी बोर्डाची लिंक मुलीच्या वडिलांना, भोयर साहेबांना, दिली. म्हणे मला विचारलं होतं. विचारलं असेल, मी तेव्हा कामठीत कापडाच्या भावावरून हुज्जत घालत होतो, "करा काय ते" म्हणालो असेन.

लग्नाच्या दिवशी दुपारी जनरेटरवाल्याने दगा दिला. जास्त भाडं देणारी पार्टी मिळाली, तिकडे गेला. मी दुसरा शोधतच होतो, तेवढ्यात भोयर साहेबांचा फोन.

"जनरेटरचं काय?"

"निघाला साहेब, रस्त्यातच आहे."

"काहून खोटं बोलून राहिले गा तुम्ही? तुमच्याच बोर्डावर लाल दिसून राहिलं मले. 'मिळाला नाही' असं लिहून आहे!"

माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर मॅडमवर ओरडलो, "ते हिरवं करा. आत्ताच्या आत्ता."

"जनरेटर आला का?"

"येईल!"

"मग येईल तेव्हा करते."

"पगार कोण देतं तुम्हाला?"

खिळे ठोकणारे हात थांबले. मॅडमनी आपल्या मोबाईलवरचा बोर्ड मला दाखवला. "बोर्ड तुमचा आहे, भाऊ. तुमच्या मोबाईलवरून तुम्हीच करा, मी अडवणार नाही. पण कोणी केलं त्याचं नाव उमटतं, आणि मुलीचे वडील तिकडे हेच बघत बसलेत."

मी खिशातला मोबाईल काढला नाही. भोयर साहेबांनी कळमन्याहून, आपल्या साळ्याच्या कोल्ड स्टोरेजमधून जनरेटर मागवला. वरात दारात यायच्या आत दिवे लागले. वेळेवर कळलं म्हणून जमलं, असं ते मांडवभर सांगत होते; नाव मॅडमचं घेत होते. मी मिळवलेला जनरेटरही थोड्या वेळाने आलाच की! त्याचं कोणाला काही नाही.

यापुढे कुठल्याच गिऱ्हाइकाला लिंक द्यायची नाही, असं मी त्याच रात्री बजावलं. हंगाम संपला तशी मॅडमनी नोकरी सोडत असल्याचं सांगितलं. मी पगार वाढवला. मग आणखी वाढवला. शेवटी म्हटलं, "तुम्हीच आकडा बोला."

"आकडा नाही, भाऊ. गिऱ्हाइकाला लिंक द्यायची, एवढंच."

"ते सोडून काहीही मागा."

"ते सोडून मला काही नकोच आहे."

जन्मभर घासाघीस केली, पण एकच गोष्ट मागून गप्प बसणाऱ्या माणसापुढे माझं काही चालेना. मॅडमनी गुलाबला पासवर्ड दिले, पोरांना उसाचा रस पाजला, तोंडाला दुपट्टा गुंडाळला आणि स्कूटीवरून गेल्या.

परवा भोयर साहेबांचे ते साळे मुलाच्या लग्नाचं बुकिंग करायला आले. बसल्या बसल्या म्हणाले, "आधी ती लिंक पाठवा. अन् मॅडम दिसून नाही राहिल्या?"

"सोडून गेल्या. पण मी आहे ना! फोनवर सगळं सांगत जाईन तुम्हाला."

"तुम्ही?" ते हसले. अर्धा चहा तसाच ठेवला, 'घरी विचारून सांगतो' म्हणाले.

पैशांचं बोलणं निघायच्या आधीच उठून गेलेलं ते माझं पहिलं गिऱ्हाईक. मॅडमवरचा माझा राग अजून गेलेला नाही. चांगलं खडसावावं म्हणून कधी कधी नंबर काढतो. पण त्या सगळं शांतपणे ऐकून घेतील आणि म्हणतील, "बरं भाऊ, आता खरं काय झालं ते सांगा." म्हणून फोन खाली ठेवतो.