गाळलेल्या प्रसंगातली बाई

सोसायटीच्या जिन्यात, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना माझा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे घरी बसायला सांगितलं. मी एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काम करते. उरणच्या बाजूला जे कंटेनर येतात-जातात त्यांचे कागद आम्ही तयार करतो. दिवसभर दोन फोन कानाला, समोर कुणी ना कुणी घाईत उभा. तिथून मी एकदम जुईनगरच्या आमच्या दोन खोल्यांत, पलंगावर येऊन पडले. नवरा सकाळी साडेआठला बाहेर पडायचा. त्यानंतर घरात मी, आणि खालच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या.

पहिल्या आठवड्यात मी ऑफिसला इतके फोन केले की साहेबांनीच सांगितलं, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, आम्ही करतोय." त्यांना माझी गरज नाही हे कळल्यावर तर बसवेना. आठव्या दिवशी मी नवऱ्याला माळ्यावरचा एक खोका काढायला लावला. त्यात माझा जुना लॅपटॉप होता, आणि लग्नाआधी घेतलेला एका मालिकेचा डीव्हीडी संच.

मालिकेचं नाव लिहीत नाही. मी कॉलेजात असताना ती लागायची. त्यातला गुप्तहेर एक निवृत्त पोस्टमास्तर होता. हस्ताक्षरावरून माणूस ओळखायचा. मला तो फार आवडायचा, कारण तो कधी ओरडायचा नाही. संचात पाच डीव्हीडी होत्या. चारांवर भाग, आणि पाचवीवर बाकीचं सगळं: मुलाखती, चुकलेले शॉट, दिग्दर्शकाच्या गप्पा आणि गाळलेले प्रसंग. पाचवीला मी कधी हात लावला नव्हता. आता चार संपल्यावर लावला.

गाळलेल्या प्रसंगांत तिसरा प्रसंग एका जेट्टीवरचा होता. खाडीला ओहोटी, चिखलात टेकलेल्या होड्या. कंत्राटदाराचा खून झालाय आणि पोस्टमास्तर चौकशी करत जेट्टीवर येतो. तिथे एक कोळीण मासे साफ करत बसली आहे. तो विचारतो, "तुम्ही त्या दिवशी इथेच होता ना?" ती खाली मान घालून काम करत राहते. मग म्हणते, "बगितलं सगलं. पन सांगनार नाय." आणि मान वर करून थेट कॅमेऱ्यात बघते. दोन सेकंद, फार तर तीन. नटाकडे नाही, कॅमेऱ्यात. प्रसंगावर दिग्दर्शकाचा आवाज होता: "या बाई तिथल्याच, सारसोळे गावातल्या. पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर. काय नजर आहे बघा! पण भाग लांबत होता, कापावं लागलं."

ती नजर माझ्या डोक्यातून जाईना. मी मागे नेऊन परत परत बघितली. मला खात्री पटली की मूळ भागात कंत्राटदाराचा खून त्याच्या भागीदाराने केला असं दाखवलंय ते चूक आहे. खून हिने केलाय. निदान तसं लिहायला काय हरकत आहे?

मोबाइलवर कथा लिहायचं एक अ‍ॅप होतं, तिथे या मालिकेचे चाहते अजूनही लिहायचे. मालिका अचानक बंद पडली होती, म्हणून कुणी पोस्टमास्तरचं पुढचं प्रकरण लिहायचं, कुणी त्याचं लग्न लावून द्यायचं. फॅन फिक्शन म्हणतात त्याला. मी आजवर फक्त वाचत आले होते. आता पाय दोन उशांवर ठेवून लिहायला घेतलं. रोज लिहायचे, आठवड्याला दोन भाग. सकाळी दहाला सुरू करायचे ते जेवणाची वेळ टळून जायची. मी त्या बाईला राग दिला, कर्ज दिलं, कंत्राटदाराने लाटलेली जागा दिली आणि शेवटी हातात कोयता दिला. मुखपृष्ठ हवं होतं, तेव्हा लॅपटॉपवर तो प्रसंग थांबवला, त्या नजरेचा फोटो काढला आणि लावून टाकला. त्याचा मी दुसऱ्यांदा विचारसुद्धा केला नाही.

वाचणारे वाढले. प्लास्टर निघालं, मी कुबडीवर घरात फेऱ्या मारायला लागले, आणि लोक विचारत होते, पुढचा भाग कधी? नवव्या भागाखाली एका बाईच्या नावाने प्रतिक्रिया आली.

"हा फोटो कुठून मिळाला? ही माझी आई आहे. ती जिवंत आहे. तिने कुणाला मारलेलं नाही."

मी दोनदा वाचलं. आधी मी फोटो काढून टाकला. मग वाटलं, नुसता काढून टाकणं म्हणजे पळून जाणं झालं. उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून परत, कुबडी टेकत किती चकरा झाल्या कोण जाणे. संध्याकाळी नवरा आला, त्याला दाखवलं.

तो म्हणाला, "माफी माग आणि डिलीट कर सगळं. विषय संपला."

"तसं नाही रे. तिने बहुतेक हा प्रसंग बघितलाच नसेल. कापलेला आहे. मी दाखवू शकते."

"तुला सगळ्यांचं भलं करायची घाई कशाला?"

त्याचं बरोबर होतं, पण मी ऐकलं नाही. त्या मुलीला लिहिलं की माझं चुकलं, फोटो काढलाय, आणि तुमच्या आईचा तो प्रसंग माझ्याकडे आहे, हवा असेल तर घेऊन येते. खाली माझा नंबर दिला. चार दिवस काही नाही. ते चार दिवस मी फोन हातातून खाली ठेवला नाही. पाचव्या दिवशी तिचा फोन आला. आवाज कोरडा.

"आई म्हणते, ये म्हणावं. रविवारी, अकरा वाजता. आणि जे लिहिलंयत तेपण आणा. तिला ऐकायचंय."

रिक्षा सारसोळ्यात शिरली तेव्हा माझ्या मांडीवर लॅपटॉपची पिशवी होती. घर दुमजली, नवं. दारातच मुलगी उभी होती. माझ्याच वयाची, चाळिशीची, बँकेत नोकरीला. तिने हसून स्वागत वगैरे केलं नाही, पण माझं लंगडणं बघून हात पुढे केला. आत पलंगावर आई बसली होती. पडद्यावर दिसलेल्या बाईपेक्षा बारीक झालेली, केस पांढरे. नजर तीच.

"ये बाय, बस. पायाला काय झालं?"

मी जिन्याची हकीकत सांगितली. ती म्हणाली, "लिफ्ट नाय तुमच्याकडं?" मी म्हटलं, नाही. तिने मान हलवली, जणू सोसायटीला हे सांगितलं पाहिजे. मग म्हणाली, "चल, दाखव."

मी लॅपटॉप उघडला. मला वाटत होतं की मी काहीतरी हरवलेलं परत द्यायला आले आहे. बाईने टीव्हीवर दिसणार म्हणून सगळ्यांना सांगितलं असेल, दिसली नाही म्हणून मन खट्टू झालं असेल, आणि आता इतक्या वर्षांनी स्वतःला बघेल. येताना रिक्षात हे सगळं मी मनात रंगवलं होतं.

प्रसंग लागला. ती पुढे वाकून बघत होती. आपले हात बघून म्हणाली, "बोंबील हायेत ते." मग ते वाक्य आलं, ती नजर आली, आणि तिने हाताने खूण केली.

"बंद कर."

मी बंद केलं. मुलगी आमच्या दोघींकडे बघत होती.

"तुम्हाला आवडलं नाही का?" मी विचारलं.

"कापलं ते बरं झालं असं मना वाटायचं," ती म्हणाली. "तू ते परत भाईर कारलंस."

मग तिने मला माझी गोष्ट वाचायला लावली. स्वतःच्या आवाजात ते वाचणं म्हणजे शिक्षा होती. जिथे मी लिहिलं होतं, 'तिच्या नजरेत केलेल्या गुन्ह्याची कबुली होती', तिथे तिने मला थांबवलं.

"गुन्हा? कसला गुन्हा? मी त्या डायरेक्टरकडं बघत व्हते. कॅमेऱ्याच्या मागंच उभा व्हता तो. राग आलता मना."

"का?"

ती सांगायला लागली.

शूटिंगच्या चार वर्षं आधी गावातल्या एका गरीब कोळ्याची जाळी कुणीतरी कापली होती. नवी जाळी, एका सकाळीत चिंध्या. कुणी कापली ते हिने बघितलं होतं. कापणारा तिचा सख्खा दीर होता. गावाची बैठक बसली, विचारलं, कुणी बघितलं का? सगळे गप्प. ही उभी राहिली आणि दिराचं नाव घेतलं. नवरा शेजारीच बसला होता.

"मग?"

"मंग काय. जाली भरून दिली त्यानं. पन तीन वर्सं आमच्याशी कोन बोललं नाय. हलदीला नाय, साखरपुड्याला नाय. जाऊ समोरून आली की तोंड फिरवायची. हिचे बाबापन महिनाभर बोलले नायत."

शेवटचं वाक्य तिने मुलीकडे बोट दाखवून म्हटलं. मुलीने खाली बघितलं.

"आनी मंग हे टीव्हीवाले आले. जेट्टीवर मीच बसलेली, मनाच धरलं. सगला गाव बगायला उभा. आनी मना बोलायला काय दिलं? 'बगितलं सगलं, पन सांगनार नाय.' मी डायरेक्टरला म्हटलं, दादा, मी बगितलं असतं तर सांगितलं असतं. तो म्हनतो, मावशी, गोष्ट तशी हाय. सात वेला बोलायला लावलं. गाव हसत व्हता, बाय. माझी जाऊ पदर तोंडाला लावून हसत व्हती."

ज्या नजरेवर मी नऊ भाग उभे केले ती अशी होती. मी किती वेळा ते थांबवून, जवळ नेऊन बघितलं होतं, आणि मला त्यात खुनी दिसली. जिने खरं बोलायची एवढी किंमत मोजली, तिलाच मी लपवणारी केलं आणि वर चेहराही तिचाच लावला.

"माझं फार चुकलं," मी म्हटलं. "सगळं काढून टाकते."

"फोटोतलं तोंड कारलंस ना? मंग झालं," ती म्हणाली. "पन कोयत्यानं मारलं असं नको लिवूस. आमच्या घरात कोयता नाय, विली हाय."

मुलगी पहिल्यांदा हसली. चहा आला. आईने मला सुकट बांधून दिली. नको म्हणायची सोय नव्हती. निघताना मुलगी रिक्षापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "जाळ्यांचं मला माहीत होतं. पण शूटिंगमध्ये ती रागावली होती हे आज कळलं. आम्ही पोरं पण हसलो होतो तेव्हा."

घरी आल्यावर मी नऊच्या नऊ भाग काढून टाकले. बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. ऑफिस सुरू झालं, कागद, फोन, तीच घाई, आणि मधूनच ती बाई जेट्टीवर मान वर करायची. शेवटी एका रविवारी लिहायला बसले. मुलीला आधी विचारून घेतलं. यावेळी पोस्टमास्तर जेट्टीवर येतो, विचारतो, "तुम्ही त्या दिवशी इथेच होता ना?" आणि ती बाई हातातलं काम खाली ठेवून सगळं सांगते. कोण आलं, कुठून आलं, कुठल्या होडीने गेलं. नावासकट. मग पुढे लिहिण्यासारखं काही उरतच नाही. पोस्टमास्तरला कुणाचं अक्षर तपासायची वेळ येत नाही. गोष्ट दोन पानांत संपली.

वाचणाऱ्यांना ती मुळीच आवडली नाही. एकाने लिहिलं, "आधीची मस्त होती, ही काय बोगस?" दुसऱ्याने विचारलं, सस्पेन्स कुठे गेला? मी कुणालाच उत्तर दिलं नाही. मुलीने मात्र ती आईला वाचून दाखवली आणि तिचं म्हणणं मला कळवलं: "आई म्हणते, बरोबर आहे. पण सांगितल्यावर त्या बाईचं पुढे काय झालं ते लिहिलं नाहीस."

मी तीन वेळा तो पुढचा भाग सुरू केला आहे. त्यात हळद आहे, न आलेलं बोलावणं आहे, महिनाभर न बोलणारा नवरा आहे. दर वेळी दुसऱ्या पानाशी येऊन थांबते, कारण तिथून पुढचं मला माहीत नाही आणि आता मनाने रचायची भीती वाटते. विचारायला परत सारसोळ्याला जायला हवं. मुलगी म्हणते, ये कधीपण. मी म्हणते, येते. आणि रविवार आला की कपाटं आवरायला काढते.