निकालाआधीच्या शुभेच्छा

शोभाताई आमच्या शाळेच्या प्रभारी मुख्याध्यापिका झाल्या, तेव्हा मी त्यांचं अभिनंदन केलं नाही, ही माझी चूक. वीस वर्षं आम्ही एकत्र डबा खातो. पण कायमची नेमणूक दुसऱ्याच कुणाची झाली तर, या विचाराने मी गप्प राहिलो.

आज स्टाफरूममध्ये पेपर वाचत होतो. कुठल्याशा देशात निवडणुकीआधी नवा पंतप्रधान नेमला गेला आहे. परदेशांच्या प्रतिक्रिया एका चौकटीत छापल्या होत्या. एका देशाने मोकळेपणाने शुभेच्छा दिल्या होत्या. दुसऱ्याने निवडणुका वेळेवर होतील अशी आशा व्यक्त केली होती. त्यात नव्या माणसाचं नावही नव्हतं. तिसरा परिस्थितीवर लक्ष ठेवून होता. मला कुतूहल वाटलं, तो माणूस ही चौकट वाचताना कुठे थांबला असेल? शुभेच्छांपाशी, की आपलं नाव नाही तिथे?

“एवढं काय वाचताय, सर?” शोभाताईंनी विचारलं.

“कोण कुणाच्या बाजूने आहे ते.”

“निकाल लागला की सगळेच बाजूने असतात,” त्या हसून म्हणाल्या.

कायमच्या पदासाठी त्यांची मुलाखत सोमवारी आहे. मी पेपर मिटला.

“शोभाताई, तुमचं अभिनंदन करायला मी निकालाची वाट बघत बसलो. चुकलो. माफ करा मला.”