इनक्युबेटरमधले अण्णा

पेशी म्हातारी झाली की तिच्या पोटातला कचरा उपसला जात नाही, साठत जातो. आमच्या लॅबमधल्या किश्श्यांचंही तसंच झालंय. सांगावेत तर लोक म्हणतात, "काहीतरीच तुमचं!" न सांगावेत तर झोप लागत नाही. म्हणून सांगूनच टाकते.

आम्ही तिघं. कुलकर्णी मॅडम, संतोष आणि मी. नगरच्या एका कॉलेजात वरच्या मजल्यावर आमची लॅब. पेशीत तिला ताकद पुरवणारी बारीक यंत्रं असतात, मायटोकॉन्ड्रिया. एखादं बिघडलं की पेशी त्याला खूण करते, पिशवीत गुंडाळते आणि चक्क पचवून टाकते. वय झालं की हे काम ढिलं पडतं. बिघडलेली यंत्रं तशीच पडून राहतात आणि आजूबाजूचं नासवतात. हे बघायचं तर म्हाताऱ्या माणसाच्या कातडीचा बारीकसा तुकडा लागतो. तो देणार कोण?

संतोषने श्रीरामपूरजवळच्या बेलापूरहून आपल्या वडिलांनाच आणलं! अण्णांनी ऐंशी कधीच ओलांडलेली, तरी लुना स्वतः चालवायचे. मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. अण्णा म्हणाले, "म्हंजी बिघडलेली मोटर हिरीतनं काढायची, यवढंच ना? घ्या की मग कातडं. पर मी गेलो तरी त्ये जगंल का?"

"जगेल काही काळ."

"मग लई बरं. घरी सांगतो, मी नगरला ऱ्हायला गेलो म्हनून!"

*

आम्ही पेशींना असा रंग देतो की चालू यंत्रं हिरवी दिसतात आणि पचवायला घेतलेली लाल. म्हाताऱ्यांच्या पेशीत लाल ठिपका शोधावा लागतो. अण्णांच्या पेशी मात्र लालच लाल! मॅडम मायक्रोस्कोपवरून डोळा काढेनात. म्हणाल्या, "हा माणूस आतून रोज दिवाळीची साफसफाई करतोय!"

त्या दिवसापासून संतोष सकाळी इनक्युबेटर, म्हणजे पेशी वाढवायचं उबदार कपाट, उघडलं की "राम राम, अण्णा" म्हणू लागला. मॅडम चिडल्या. "अरे, पेशी म्हणजे माणूस नव्हे!"

पुढे एकदा मी चप्पल काढत दाराशीच होते. आत कुणी नाही असं समजून मॅडम इनक्युबेटरला सांगत होत्या, "अण्णा, चहा घेऊन येते हं."

*

एका दुपारी अण्णांच्या पेशी फ्लास्कच्या तळापासून सुटून वर तरंगायला लागल्या. पेशी मरायला टेकली की असंच होतं. संतोषचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. अण्णा मळ्यात कोसळले होते, त्यांना श्रीरामपूरला दवाखान्यात नेलं होतं.

तो धावत खाली गेला. मॅडमनी शांतपणे इनक्युबेटरला गॅस पुरवणारा मागचा सिलिंडर तपासला. "बघ, गॅस संपलाय. त्याने मरताहेत. निव्वळ योगायोग!"

मला हायसं वाटलं. त्याच कप्प्यात, त्याच गॅसवर ठेवलेले बाकीचे फ्लास्क ठणठणीत होते, हे आम्ही दोघींनीही पाहिलं. मॅडमनी इनक्युबेटरचं दार लावून टाकलं.

*

अण्णा गेले. इकडे सिलिंडर बदलला आणि त्यांच्या उरल्यासुरल्या पेशी पुन्हा तळाला धरल्या, वाढायलाही लागल्या.

दहाव्याच्या आदल्या दिवशी संतोष लॅबमध्ये आला. "मॅडम, अण्णा हितं अडकलेत. मला सहन होत न्हाई. संपवा ते."

मॅडमचं सगळं काम त्या एका फ्लास्कवर उभं होतं. तरी त्यांनी वाद घातला नाही. स्वतःच्या हाताने फ्लास्कमध्ये ब्लीच ओतलं आणि बराच वेळ नळाखाली हात धूत राहिल्या. मला फार वाईट वाटलं, अण्णांसाठी की मॅडमसाठी, कोण जाणे.

मावशींना, म्हणजे संतोषच्या आईला, पेशी संपवल्याचं कळू द्यायचं नाही असं ठरलं.

*

दहाव्याला मॅडम आणि मीही प्रवरेच्या घाटावर गेलो. पिंडाला कावळा शिवेना. बाभळीवर बसून नुसता बघत होता. भावकीतले एकेक जण हात जोडून सांगायला लागले. "मळा इकनार न्हाई." "नातीला डाक्टर करू." कावळा ढिम्म!

संतोष हळूच पुटपुटला, "अण्णा, तुमाला तिथनं मोकळं केलंय. आता जावा." कावळ्याने मान फिरवली.

मग मावशी पुढे झाल्या. पदर सावरून म्हणाल्या, "अवो, त्या काचंच्या बाटलीत हायसा ना? तिथंच ऱ्हावा. मी भेटाया येत जाईन."

कावळा सरळ खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

मॅडम आणि संतोष, दोघांचेही चेहरे पांढरे पडले. मावशी आता येणार, हे उघड होतं. त्यांना दाखवायचं काय?

*

तेरावं उरकलं आणि मावशी एसटीने आल्या. खोटं बोलण्यावाचून इलाज नव्हता. दुसऱ्या एका आजोबांच्या पेशी आम्ही मायक्रोस्कोपखाली लावून ठेवल्या होत्या.

"हे बघा, मावशी, अण्णा." मॅडम म्हणाल्या.

मावशींनी डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग मान वर करून आमच्याकडे अशा पाहू लागल्या, जणू आम्हीच कुणी परके आहोत.

"ह्ये न्हाईत त्ये. ह्ये दुसरंच कुनीतरी हाय."

मावशी उठल्या आणि लॅबभर हळूहळू फिरल्या. इनक्युबेटरकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यात द्रव नायट्रोजनचा कॅन असतो, गायींचा डॉक्टर मोटरसायकलला बांधून नेतो तसला. त्यात आम्ही पेशी गोठवून ठेवतो. मावशींनी त्यावर तळहात टेकला.

"हितं हायेत. लई गारठलेत वो."

संतोषने जाड हातमोजे घातले आणि झाकण काढलं. पांढरी वाफ जमिनीवरून सरकत गेली. कॅनच्या तळाला एक नळी होती, कुणाच्याच ध्यानीमनी नसलेली. तिच्यावर मॅडमच्याच अक्षरात लिहिलं होतं, अण्णा.

मॅडम स्टुलावर बसल्या त्या बसल्याच. मावशींनी पिशवी उचलली.

"आता एसटी हाय माजी. उद्या येते. तवर त्यास्नी ऊब द्या."